आगळाची बाटली पुण्याला पोचेपर्यंत

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या आणि त्यांची भावजय घरी कोकमाचं आगळ (मीठ घातलेला दाट रस), सोलां (आमसुलं), भाजलेले काजू आणि फणसाची साठं करतात. आजवर माल चवथीआधीच्या (गणेशचतुर्थीआधीच्या) प्रदर्शनांत आणि व्हॉट्सअॅपवर ओळखीपाळखीत खपला. आता ऑनलाइन दुकान काढायचं आहे. साइट कुठे बनवावी, खर्च किती येईल, जीएसटी लागेल का आणि दुकान दोघींपैकी कोणाच्या नावावर करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, साइटचं मागाहून सांगतो. आधी खोक्याचं बोलू. तुमच्या चारही प्रश्नांत खोकं कुठेच नाही आणि नव्या माणसाचे पैसे तिथेच बुडतात. माझेही बुडाले. फोंड्याला आमचं काजू-मसाल्याचं दुकान. २०१४ साली मुंबई-पुण्याला माल पाठवायचं डोक्यात आलं आणि चार महिने साइटचे रंग निवडण्यात गेले. लोगो झाला, बॅनर झाला, ‘आमच्याविषयी’ लिहून झालं. पहिली ऑर्डर ठाण्याहून आली, आगळाच्या तीन बाटल्या. बिस्किटांच्या जुन्या खोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पाठवल्या. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोटो आला: खोक्याचा तळ जांभळा, एका बाटलीचं झाकण सैल, बाटली अर्धी रिकामी. पैसे परत केले, माल गेला, भाडंही गेलं. साइट मात्र सुंदर दिसत होती.

तेव्हापासून कुठलाही पातळ माल साइटवर चढवण्याआधी आमच्याकडे एक नेम आहे. बाटली भरायची, झाकण लावायचं आणि रात्रभर कोऱ्या कागदावर उलटी ठेवायची. सकाळी कागदावर थेंबाएवढा डाग दिसला तरी ते झाकण बाद. आगळात भरपूर मीठ असतं. भरताना ते बाटलीच्या तोंडाशी सांडलं आणि आट्यांत सुकलं की झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण बसलेलं नसतं. म्हणून आधी तोंड ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या, मगच झाकण. आत अॅल्युमिनियमचं इंडक्शन सील मारणारं हातातलं मशीन मिळतं. पातळ माल विकणार असाल तर साइटच्या आधी ते घ्या. काचेची बाटली प्रदर्शनात शोभते, पार्सलला जाड फूड-ग्रेड प्लास्टिकच बरं. मग पॅक केलेलं खोकं कंबरेच्या उंचीवरून बल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, लादीवर सहाही बाजूंनी टाकून बघायचं. शेजारीण हसेल. हसू द्या, कुरिअरच्या गोदामात कोणी फुलासारखं उचलत नाही.

आता वजन. कुरिअरवाले खोक्याचं वजन दोन प्रकारे धरतात. एक काट्यावरचं आणि दुसरं आकाराचं. आकाराचं काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि देशातल्या पार्सलला बहुतेक जण ५,००० ने भागतात. दोन्हींत जे जास्त असेल त्याचे पैसे. उदाहरण तुमच्याच मालाचं घेतो. आगळाच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, भरलेल्या प्रत्येकी ६०० ग्रॅमच्या आसपास. पाव किलो काजू. २०० ग्रॅम सोलां. खोकं आणि आतलं भराव मिळून पाव किलो. एकूण १,९०० ग्रॅम. हाताशी होतं म्हणून ३० × २२ × २० चं खोकं घेतलंत, तर आकाराचं वजन २.६४ किलो भरतं आणि अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने बिल ३ किलोचं येतं. तोच माल २४ × १८ × १६ च्या खोक्यात नीट बसवला तर आकाराचं वजन १.३८ होतं, मग काट्यावरचं १.९ धरलं जातं आणि बिल २ किलोचं. म्हणजे नुसती हवा पाठवायला एका किलोचं भाडं. म्हणून मालाचे दोन-तीन ठरावीक संच करा, त्या मापाचीच खोकी बनवून घ्या. जड मालाला फाइव्ह-प्लाय (पाच थरांचा पुठ्ठा), नुसत्या काजू-सोलांना थ्री-प्लाय पुरतं.

संच म्हणतो त्याला दुसरंही कारण आहे. २०० ग्रॅम सोलांचं एक पाकीट ऑनलाइन विकून कोणाचं भलं होत नाही, भाडं मालापेक्षा जास्त होतं. आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याआधीचा साठा, भरायची रीत आहेच. मुंबईतल्या गोंयकारांना वर्षाचं आगळ, सोलां, काजू एकदम घ्यायची सवय आहे. तोच तुमचा पहिला संच.

हिशेब असा मांडा. आकडे माझे, अंदाजाचे. तुमचे घालून पुन्हा करा. संच ८०० रुपयांना, कर धरून. कर ५ टक्के धरला तर त्यातले ३८ सरकारचे. कच्चा माल, बाटल्या, लेबलं ३८०. खोकं, टेप, भराव ४५. कुरिअर १८०. ऑनलाइन पैसे घेणारी कंपनी साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेते, म्हणजे १९. हातात राहिले १३८. यात तुमची आणि भावजयीची मजुरी अजून धरलेली नाही. आता हेच पार्सल ‘घरपोच आल्यावर पैसे’ या बोलीवर पाठवलं आणि समोरच्याने दार उघडलं नाही, तर जायचे १८०, यायचे बहुधा तितकेच, पॅकिंगचे ४५, मिळून ४०५ गेले. तीन पार्सलांची कमाई एका परतीत. शिवाय आठ-दहा दिवस उन्हातान्हात फिरून आलेले काजू पुन्हा विकायचं माझं तरी मन होत नाही. म्हणून सुरुवातीला कॅश ऑन डिलिव्हरी बंदच ठेवा. ‘गिऱ्हाईक कमी होईल’ असं सगळे सांगतील. होईल. पण उरेल ते गिऱ्हाईक असेल.

जीएसटी. विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असली तर नोंदणी नको, हे तुम्ही ऐकलं असेल. मालाच्या बाबतीत ते खरं आहे, पण माल गोव्यातच विकला तर. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर पहिल्या पार्सलापासून नोंदणी लागते, मग विक्री कितीही थोडी असो. आणि आपलं राज्य केवढं! २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोक. डिचोलीहून महाराष्ट्रातल्या दोडामार्गला तुम्ही स्कूटरने भाजी आणायला जात असाल, पण तिथे पाठवलेली आगळाची बाटली कायद्याने दुसऱ्या राज्यात गेली. पुण्या-मुंबईत तुम्ही वेबसाइटवरून विकलंत की व्हॉट्सअॅपवरून, यानेही फरक पडत नाही. साइट नाही म्हणून जीएसटी नाही, हा गैरसमज मी दर प्रदर्शनात ऐकतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे, खाण्याच्या मालाला ती नाही. छोट्या व्यापाऱ्यांना कमी दराने कर भरू देणारी कंपोझिशन योजना स्वस्त वाटेल, पण त्यात राज्याबाहेर विकता येत नाही, तेव्हा ती तुमच्या कामाची नाही. फक्त गोव्यातच विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवायही मोठ्या ऑनलाइन बाजारांत बसता येतं. पॅनवर पोर्टलवरून वेगळा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण गोव्यातल्या गोव्यात आगळ ऑनलाइन कोण मागवणार? त्याच्या मावशीकडे पिंप भरलेलं असतं.

नोंदणीला सरकारी फी नाही. खर्च असतो तो सीएचा आणि नंतरच्या शिस्तीचा. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचंच, नाही तर शून्याच्या रिटर्नलाही दिवसाला २० रुपये दंड चढतो. माझ्या ओळखीच्या एकाने दुकान बंद केलं, नोंदणी रद्द करायची राहिली आणि दंडच साठत गेला. मालाचा कराचा दर आणि एचएसएन कोड (जीएसटीत मालाच्या प्रकाराचा क्रमांक) एकदा सीएकडून कागदावर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून बरेच दर बदलले आहेत, जुन्या यादीवर जाऊ नका.

नोंदणी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. जागेचा पुरावा मागतात आणि आपल्याकडे वीजबिल अजून पणजोबांच्या नावावर! माझा अर्ज याच कारणाने शंका काढून परत आला होता. बिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं. शेवटी पंचायतीची घरपट्टीची पावती आईच्या नावावर होती, ती आणि आईचं संमतीपत्र जोडलं तेव्हा काम झालं. तुम्ही आजच बघून ठेवा, कुठला कागद कोणाच्या नावावर आहे. शेवटच्या प्रश्नाला हे उपयोगी पडेल.

खाण्याचा माल म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागणारच. ती त्यांच्या फॉस्कॉस पोर्टलवर होते, १४ आकडी क्रमांक मिळतो, तो प्रत्येक लेबलावर छापायचा. त्याशिवाय लेबलावर मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, ग्रॅममागे किंवा मिलीलिटरमागे दर, केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील, बॅच क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, तुमचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल. बंद पाकिटांत माल विकणाऱ्याला वजनमापे खात्याकडेही पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते, काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत अर्ज. यातली बहुतेक माहिती साइटवरही दिसली पाहिजे. घरच्या इंकजेट प्रिंटरची लेबलं मात्र छापू नका. जूनमध्ये हवा ओली झाली की शाई पसरते आणि १४ आकड्यांतले चार वाचता येत नाहीत.

‘फेणी पण ठेवा की’ असं कोणीतरी सुचवेलच. फेणीला, म्हणजे काजूबोंडांच्या दारूला, २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून ती काजूसारखी पार्सलात घालता येते असं नाही. तो अबकारी परवान्याचा प्रांत आहे, लांब राहा.

आता साइटवरच्या मजकुराबद्दल, कारण इथे माझं थोडं वेड आहे. पुण्याच्या एका बाईंनी आगळ मागवलं, ग्लासभर थंड पाण्यात चार चमचे घालून पाहुण्यांना सरबत म्हणून दिलं आणि मला फोन केला, ‘अहो, हे समुद्राचं पाणी आहे का?’ चूक त्यांची नव्हती. मी लिहिलं होतं ‘अस्सल गोव्याचं शुद्ध कोकम’. दिसायला छान, अर्थ शून्य. त्या दिवशी पहिली ओळ बदलली: ‘यात मीठ आहे, साखर नाही. सोलकढीला आणि आमटीला. सरबतासाठी नाही.’ खाली: दोन वाट्या नारळाच्या दुधाला दोन चमचे, मीठ चाखून मगच घाला. तक्रारी थांबल्या आणि गंमत म्हणजे खप वाढला. तुम्हीही प्रत्येक मालाखाली तो कसा वापरायचा, किती दिवस टिकतो, उघडल्यावर कुठे ठेवायचा, एवढं लिहा. ‘परंपरा’, ‘आजीच्या हातची चव’ हे सगळ्यांनीच लिहिलेलं असतं.

नावंही सगळी घाला. आपण सोलां म्हणतो, पुण्यात आमसूल शोधतात, मुंबईत कोकम, रत्नागिरीकडचा माणूस रातांबे म्हणतो आणि आपण भिरंड. फळ एकच. गिऱ्हाईक त्याचा शब्द शोधतं, तुमचा नाही.

फोटोला स्टुडिओ नको. सकाळी नऊच्या सुमारास बल्कांवात, ऊन थेट पडत नाही तिथे, पांढऱ्या चादरीवर माल ठेवा. आगळाचा फोटो समोरून काढला तर ते काळ्या तेलासारखं दिसतं. पातळ काचेच्या पेल्यात दोन बोटं ओता आणि उजेड पेल्याच्या मागून येऊ द्या, खरा लाल रंग तेव्हाच दिसतो. सोलां पांढऱ्या बशीत, एक उलगडून. काजूचा फोटो मुठीसकट, म्हणजे आकार कळतो. आणि तुकडा काजू असेल तर तुकड्याचाच फोटो टाका.

साइट कुठे? पहिल्या पंचवीस-तीस ऑर्डरी व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगवर आणि यूपीआयवर घ्या. फुकट आहे, आणि कुठला संच चालतो, लोक काय विचारतात हे त्यातच कळतं. त्यानंतर महिन्याच्या भाड्याने मिळणारं तयार दुकान घ्यायचं, शॉपिफायसारखं, की वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर वूकॉमर्स ही दुकानाची जोड लावून स्वतःचं उभं करायचं, हे तुमच्या घरात कॉम्प्युटरशी झटापट करणारं कोणी आहे का यावर ठरवा. वूकॉमर्स फुकट आहे, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), अपडेट, बॅकअप हे सगळं तुमच्या डोक्यावर. कोणी नसेल तर भाडं भरा आणि शांत झोपा. अॅमेझॉन-फ्लिपकार्टसारखे बाजार गिऱ्हाईक आणून देतात, पण कमिशन घेतात, जीएसटीपोटी अर्धा टक्का कापून ठेवतात (तो नंतर जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात जमा दिसतो), आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर तुमच्याकडे येत नाही. वर्षाचं पुरुमेंत घेणारं माणूस पुढच्या मेमध्ये परत आणायचं असेल तर तो नंबर हवा. म्हणून मी स्वतःचं दुकान आधी, बाजार नंतर, असं सांगतो. ज्यांचा माल सगळ्यांसारखाच आहे, त्यांना मी उलटं सांगेन.

काहीही निवडा, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या. माझी पहिली साइट ओळखीतल्या एका होतकरू मुलाने केली होती. मुलगा गुणी. डोमेनही त्यानेच त्याच्या ईमेलवर घेतलं. दोन वर्षांनी तो जहाजावर नोकरीला लागला, नूतनीकरणाची ईमेल त्याला समुद्रात कुठेतरी गेली असणार आणि एका सकाळी आमच्या नावाच्या जागी कुठल्यातरी परदेशी जुगाराचं पान. छापलेली पाचशे खोकी होती त्या पत्त्याची. त्यांवर वर्षभर स्टिकर चिकटवत बसलो.

पेमेंट गेटवेसाठी, म्हणजे ऑनलाइन पैसे घेण्यासाठी, रेझरपे, कॅशफ्री, पेयू अशा कंपन्या आहेत, फरक उन्नीस-बीसचा. पॅन, बँक खातं मागतात आणि साइटवर संपर्क, गोपनीयता, माल पाठवणं, परतावा आणि अटी अशी पानं आहेत का हे बघतात. दुसऱ्याच्या साइटवरून ती उचलू नका. ‘३० दिवसांत परत घेऊ’ असं मोबाइलच्या दुकानाचं वाक्य खाण्याच्या मालाला लागलं तर पंचाईत. आम्ही लिहिलं आहे: फुटलं, गळलं तर खोकं उघडतानाचा फोटो ४८ तासांत पाठवा, पैसे किंवा नवा माल, चव आवडली नाही म्हणून परत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार बघणाऱ्या माणसाचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. ते नाव तुमचंच घाला. गेटवेचे पैसे खात्यात यायला दोन-तीन दिवस लागतात, चवथीच्या गर्दीत हे ध्यानात ठेवून काजू भरा.

जाहिरातीला सुरुवातीला पैसे घालू नका. तुमचं गिऱ्हाईक कुलदेवाच्या दर्शनाला स्वतः गोव्यात येतं. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ इथे मुंबई-पुण्याची कुटुंबं वर्षातून एकदा तरी येतात, परतताना सोलां-काजू घेऊन जातात आणि ते संपलं की पुढच्या खेपेपर्यंत हात हलवत बसतात. देवळाबाहेरच्या एखाद्या दुकानदाराशी बोला, तुमची पाकिटं ठेवा आणि प्रत्येक पाकिटात क्यूआर कोडची चिठ्ठी घाला. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतले अर्ध्याहून जास्त असेच आले. दुकानदाराला त्याचा वाटा नीट द्या, नाही तर चिठ्ठ्या कचऱ्याच्या डब्यात जातील.

पावसाळ्याचं एकच सांगतो. जून ते सप्टेंबर काजू भाजल्या दिवशीच बंद झाला पाहिजे, आत सिलिका जेलची पुडी, आणि साइटवर पोचायचे दोन दिवस जास्त लिहा. घाटात दरड आली की गाड्या अडकतात. आणि कुरिअरची गाडी तुमच्या वाड्यावर रोज येईल असं धरू नका. बाजारातल्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवणं पुष्कळदा सोपं जातं.

खर्च: मशीन, खोकी, छापील लेबलं, नोंदण्या आणि सीए धरून पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवा, साइट त्याच्या पुढे. त्याहून कमीत सांगणाऱ्याने बहुधा खोकी धरलेली नसतात.

राहिलं नाव. जीएसटी, एफएसएसएआय, बँक, गेटवे, डोमेन हे सगळं एकाच पॅनवर असलं पाहिजे, स्पेलिंगसकट. एकीच्या नावावर मालकीचं दुकान काढणं सर्वांत सोपं आणि ते नाव जिच्या घराचे कागद सरळ आहेत तिचं असावं. पण मग दुसरीचा वाटा कशात मोजायचा, पाकिटामागे मजुरी की महिन्याला नफ्याचा भाग, हे एका वहीत लिहून दोघींनी सही करा, पहिली ऑर्डर यायच्या आधी. भागीदारी करार केला तर पॅन वेगळं, खातं वेगळं, सीएचा खर्च वाढतो. वर्षभर चालल्यावर बघा. तोवर एक काम करा: ज्या संचाचा हिशेब वर मांडला तो भरून पुण्याच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवा, उघडताना फोनवर चित्रीकरण करायला सांगा आणि कुरिअरचं बिल हातात आलं की मला कळवा. मग साइटबद्दल बोलू.